न म्हटलेला ब

मी नाशिकच्या एका प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायला लागले तेव्हा मुलांना मुळाक्षरं तोंडपाठ असायची आणि वाचता मात्र काहीच यायचं नाही. यात काही विपरीत आहे असं कुणाला वाटत नसे. "क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गणपतीचा" असं सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा आणि व्हरांड्यातून जाणारे मुख्याध्यापक समाधानाने मान हलवायचे. मग मी फळ्यावर 'कप' लिहायची. पहिल्या रांगेतली सगळ्यात चुणचुणीत मुलगी उभी राहून वाचायची, "कमळाचा पतंगाचा." परत वाच म्हटलं की परत तेच, फक्त आवाज वाढवून.

मी चोवीस वर्षांची होते, नुकतं लग्न झालेलं होतं, आणि माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. समोरच्याला येत नाही याचा मला आधी राग यायचा आणि का येत नाही हा प्रश्न नंतर पडायचा. त्या सुमारास एका प्रशिक्षण शिबिरात मला एक गोष्ट समजली आणि ती मी घट्ट धरून बसले. अक्षर नंतर, आधी कान. शब्द मोठ्याने म्हणायचा, त्याच्या तोंडाशी कुठला आवाज आहे तो पकडायचा, आणि तो नीट सापडला की मगच त्याचं अक्षर फळ्यावर काढायचं. कमळ, कणीस, कढई, तिघांच्या तोंडी एकच. ण आणि ळ यांनी तेवढी माझी पंचाईत केली, कारण त्यांच्यापासून मराठीत शब्दच सुरू होत नाही. 'ण बाणाचा' ही पळवाट कुणी काढली देव जाणे, पण दुसरी मलाही सापडली नाही. बाकी पद्धत फळली. दिवाळीपर्यंत माझा वर्ग 'कप'ला कप म्हणू लागला आणि मी शिक्षकांच्या खोलीत जरा जास्तच बोलू लागले.

ते बोलणं अंगाशी आलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, प्रौढ साक्षरतेचे वर्ग जागोजागी निघत होते, आणि नाशिकच्याच द्वारका चौकामागच्या एका वस्तीत बायकांचा वर्ग चालवायला कुणी मिळत नव्हतं. "तुमची ती आवाजाची पद्धत आहे ना, करा तिथे प्रयोग," मुख्याध्यापक म्हणाले. आमची शाळा सकाळची. दुपारी दोन ते चार मी वस्तीच्या समाजमंदिरात जाऊ लागले. बाहेर ट्रान्सपोर्टचे ट्रक लागलेले असायचे, आत सतरंजीवर पंधरा-वीस बायका बसायच्या. कुणी भाजी विकायची, कुणी कांद्याच्या वखारीत कांदे निवडायला जायची, कुणी घरी विड्या वळायची. वर्गात येतानाही दोघी-तिघी सूप आणि तंबाखू घेऊन यायच्या. मी ते बंद केलं.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत विचारलं, "'घर' म्हटलं की सगळ्यात आधी काय येतं?"

मागून उत्तर आलं, "उंबरा."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलेलं दिसलं. मी म्हटलं, "तसं नाही. 'पाणी'मध्ये आधी काय?" तर म्हणे हंडा. 'लग्न'मध्ये आधी काय? सुपारी. मी चिडले. शब्द ही एक वस्तू आहे, ती समोर धरून तिचं तोंड-शेपूट बघता येतं, हे सहा वर्षांच्या पोरांना चटकन पटायचं. या बायकांना शब्द ऐकू आला की त्याच्यामागचं घर, पाणी, लग्न दिसायला लागायचं आणि शब्द तिथल्या तिथे संपायचा. त्यांच्या मागे तेवढी कामं होती.

'उंबरा' म्हणणारी बाई तिशीची असेल. सिन्नरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आलेली, उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. माझी पद्धत सगळ्यांच्या आधी तिला कळली. तिसऱ्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली, "म्हंजी बाई, घरात शिरायचंच नाय. 'घर' म्हनायचं अन् दारातच थांबायचं. तोंड उघडल्या उघडल्या जे निघालं, ते घ." शिबिरातल्या तज्ज्ञांनी दोन दिवस घेऊन जे सांगितलं ते हिने एका दमात सांगितलं. पुढची कितीतरी वर्षं मी ते वाक्य माझंच म्हणून वापरलं.

तिला वाचायला शिकायची घाई होती, आणि तिचं कारण तिने लपवलं नव्हतं. तिचा नवरा ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करायचा. छातीचा आजार झाला आणि वर्षभरापासून तो समाजमंदिरापासून तिसऱ्या दारासमोर बाज टाकून पडून असायचा. त्याचं खोकणं वर्गात ऐकू यायचं. पोरगी शाळेत गेली की त्याच्याजवळ कुणी नसे. ती हंगामाप्रमाणे कधी कांद्याच्या वखारीत, कधी द्राक्षाच्या बागेत जायची आणि वाटेत मागे वळून बघत जायची. उन्हाळ्यानंतर त्याच समाजमंदिरात बालवाडी निघणार होती. बालवाडीला एक मदतनीस हवी होती, वस्तीतलीच, लिहिता-वाचता येणारी. मुलांना गोळा करायचं, हजेरी घ्यायची, खाऊ वाटायचा. मार्चअखेर पर्यवेक्षक येऊन परीक्षा घेणार होते.

"घराम्होरचं काम हाय बाई," ती म्हणाली. "तासातासाला जाऊन पानी देता येईल त्यांना. वखारीत गेले की दिवसभर जीव टांगनीला. मला ते काम पायजेच."

तिच्याकडे बघून मला ते काम तिचंच वाटायचं. आणि मग ब आला.

तो आला तोही तक्त्याच्या चुकीने. आम्हाला चित्रांचे तक्ते आले होते, ते बहुतेक पुण्याकडे काढलेले. भोपळ्याचं चित्र आणि खाली भ. बायका एकमुखाने म्हणाल्या, "डांगर." पहिला आवाज? "डा." उत्तर बरोबर, तक्ता चूक. मी दोन दिवस 'भोपळा म्हणा' म्हणून भांडले आणि हरले. पुढचं चित्र खाटेचं, खाली ख. "बाज," सगळ्या म्हणाल्या. मी हात टेकले. म्हटलं, "बरं, बाज तर बाज. आज ब घेऊ."

बाज, बाजरी, बटाटा, बस, बदक. शब्द भराभर आले, त्यातले दोन तिनेच दिले. मग नेहमीप्रमाणे मी एकेकीला सुटा आवाज म्हणायला लावला. ब, ब, ब करत पाळी तिच्यावर आली आणि ती गप्प झाली. पदर तोंडाशी गेला.

"'बस'मध्ये पहिला आवाज कोणता?" मी विचारलं.

"स नंतरचा हाय," ती म्हणाली.

"मी पहिला विचारलाय."

"तो त्याच्या आधीचा."

"आधीचा कुठला?"

"सच्या आधीचा."

बायका खुदखुदल्या. मला वाटलं तिला हसताहेत, म्हणून मी त्यांना दटावलं. तिच्या शेजारची म्हणाली, "बाई, ती नाय म्हनायची ते." मी म्हटलं, प्रत्येकीने आपापल्यापुरतं बोलायचं. आता त्या शेजारणीच्या वाक्यातला प्रत्येक शब्द मला स्वच्छ ऐकू येतो, पण तेव्हा दुसऱ्यांचे कान तयार करण्याच्या नादात माझे जागेवर नव्हते.

आठवडाभर मी तिच्यामागे लागले. प यायचा, भ यायचा, म यायचा, सुटे, स्वच्छ. फक्त ब म्हटलं की तोंडाला कुलूप. मी निष्कर्ष काढला. माझ्या टिपणवहीत लिहिलं, "ब हा ध्वनी ओळखता येत नाही. श्रवणदोषाची शक्यता." परीक्षेसाठी नावं पाठवायची वेळ आली तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं की ब सुटल्याशिवाय तिचं नाव पाठवणार नाही. तिचा चेहरा उतरला. ती वाद घालणाऱ्यातली होती, पण त्या दिवशी तिने वाद घातला नाही.

मी माझ्या समजुतीने उदारपणा दाखवला आणि एका दुपारी तिला सरकारी दवाखान्यात कान तपासायला घेऊन गेले. केसपेपरची रांग लांबलचक होती. आमची पाळी आली. खिडकीतल्या कारकुनाने तिचं नाव विचारलं, तिने सांगितलं. वय विचारलं, तिने अंदाजे सांगितलं. मग त्याने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्याकडे पाहिलं. मला तिच्या नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं. वर्गाच्या पटावर मी बायकांची नावं लिहिली होती, त्यांची स्वतःची आणि पुढे फक्त आडनाव, मध्ये नवरा नाही. याचा मला अभिमान होता.

"बोला लवकर," कारकून म्हणाला.

मागे उभी असलेली एक म्हातारी माझ्यावर वैतागली. "अवो, ती कशी घेईल मालकाचं नाव? तुमी सांगा ना. संगट कशाला आलात मंग?"

तोवर तिने खिडकीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल ओढली, समोरचा कागद फिरवून घेतला आणि लिहिलं. दोन ब शेजारी शेजारी, आणि त्यांच्या पुढे एक अक्षर. बच्या पोटातली तिरपी रेघ माझ्या फळ्यावर असायची तशीच काढलेली. मी ते नाव वाचलं. ती ते तोंडातून काढत नव्हती, तेव्हा मीही इथे लिहीत नाही.

केसपेपर काढलाच होता म्हणून आम्ही कानही दाखवले. डॉक्टर म्हणाले, "यांचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा बरे आहेत."

परत येताना मी तिला समजावलं. तो नुसता एक आवाज आहे, म्हटलं, बाजरीतही तोच आहे.

"बाजरीत बा हाय," ती म्हणाली. "तो चालतो. बा म्हंजी बाप. हा नुसता हाय. अन् त्यांच्या नावात तो लागोपाठ दोनदा येतो. दोनदा म्हनल्यावर राहिलं काय बाई? शेपूट."

"पण बटाटा म्हणता ना तुम्ही? त्यात नुसताच आहे."

"म्हनते. पन घाईघाईनं आत शिरते. तुमी दारात थांबायला लावता."

उत्तर नसलं की मी गप्प बसत नसे, त्यामुळे मी अंधश्रद्धेवर बोलले. शिबिरात त्यावरही एक तास झाला होता. नाव घेतल्याने कुणाचं आयुष्य कमी होत नाही, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी तुमच्या मालकांना काय म्हनता?"

मी माझ्या नवऱ्याला एकांतात नावाने हाक मारायची आणि सासूबाईंसमोर 'हे' म्हणायची. त्याला मी रीतभात समजत होते. "सासूबाई असल्या की 'हे' म्हणते," मी म्हटलं.

"मंग?" ती म्हणाली. थोडं चालल्यावर परत म्हणाली, "एरवी मी यवढं धरलं नसतं बाई. वस्तीत कितीक जनी घेत्यात नावं, त्यांचे नवरे काय मेले नाय. पन यांच्याकडं आता हायच किती? त्यातलं आपन कशाला उनं करायचं?"

मला माझी लाज वाटली. तिला सगळ्या वर्गात उत्तम येत होतं तेच येत नाही असं मी लेखी ठरवलं होतं, आणि त्यावरून तिची भाकरी अडवली होती. मी तिची माफी मागितली नाही. तेवढा मोठेपणा तेव्हा माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं नाव पाठवलं आणि वहीतलं ते पान फाडलं.

वर्गात आम्ही एक तोड काढली. ब आला की तिने तोंडाने म्हणायचं नाही, जमिनीवर बोटाच्या पेराने टक् करायचं. बायकांना ही गंमत इतकी आवडली की आठवड्यात सगळ्याच टकटक करू लागल्या. मी आधी चिडले आणि मग सोडून दिलं, कारण वाचन बिघडत नव्हतं. फेब्रुवारीत द्राक्षांची तोडणी सुरू झाली. ती पहाटे बागेत जायची आणि दोनच्या ठोक्याला वर्गात हजर व्हायची, बोटं चिकट, वहीच्या पानांना पानं चिकटलेली. वाण्याच्या पुड्या सोडून ती त्यांचे कागद वाचायची. ज्या कागदावर बातमी अर्धीच असायची, तिचं पुढे काय झालं ते मला विचारायची, जणू मीच ती छापली होती.

मार्चअखेर पर्यवेक्षक आले. पन्नाशीचे, नीटनेटके, कोरड्या बोलण्याचे. परीक्षेला तिघी होत्या. परीक्षा साधी होती. छापील अर्ज आपल्या हाताने भरायचा, भरलेला मोठ्याने वाचून दाखवायचा, मग वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायचा. मला अर्ज आधी बघायला मिळाला नव्हता, आणि मिळाला असता तरी माझ्या लक्षात आलं असतं असं मी सांगू शकत नाही. त्यावर वरून दुसरी ओळ होती: 'पतीचे नाव'.

तिने अर्ज भरला, सगळा, न अडखळता. मग उभी राहून वाचू लागली. स्वतःचं नाव वाचलं. 'पतीचे नाव' हे छापील शब्द वाचले. आणि थांबली.

"पुढे," पर्यवेक्षक म्हणाले.

ती कागदाकडे बघत राहिली. त्यांनी थोडा वेळ दिला आणि मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे असंच होतं, बाई. नावं गिरवून गिरवून हाताला पाठ होतात. वाचता येत नसतं. पुढच्या बाईंना बोलवा."

मी उठले. बोलायला तोंड उघडलं होतं, पण तिने माझ्याकडे न बघता हाताने मला थांबवलं. बाहेर खोकल्याची उबळ आली होती, ती सरेपर्यंत ती थांबली. खोकणारा तिसऱ्या दारापाशी होता आणि इथलं बोलणं त्याला ऐकू जाण्यासारखं होतं. मग तिने पहिला आवाज म्हटला. नुसता, सुटा. मी तो तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यानंतर ती इतकी थांबली की पर्यवेक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. मग दुसरा म्हटला. पुन्हा तेवढीच थांबली. मग तिसरा. पापड वाळत घालताना एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये जागा सोडतात, तशी तिने सोडली होती.

"आता जोडा," पर्यवेक्षक म्हणाले.

"जोडायचं तुमी, साहेब," ती म्हणाली. "आवाज मी सांगितलं."

त्यांनी अर्ज हातात घेतला. ते नाव त्यांनी स्वतः, जोडून, मोठ्याने वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. ते हसले नाहीत, याबद्दल मी अजून त्यांचे आभार मानते. पुढचा उतारा तिने धडाधड वाचला. त्यात पाणीपुरवठ्याच्या विहिरीची बातमी होती, आणि वाचून झाल्यावर तिने त्यांना विचारलं की ही विहीर नेमकी कुठं हाय.

ते गेल्यावर मी बाहेर आले तर ती समाजमंदिराच्या पायरीवर बसली होती. काम तिला मिळाल्यातच जमा होतं, आणि मी ते सांगायला लागले, पण तिला दुसरंच हवं होतं.

"बाई, जोडलं नाय ना मी?"

"नाही."

"तिन्ही सुटंच होतं?"

"सुटेच होते."

"मधी पुरती जागा होती?"

"भरपूर होती," मी म्हटलं. एवढ्या गंभीरपणे मी आयुष्यात कुणाला प्रमाणपत्र दिलेलं नाही.

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली आणि ती मदतनीस झाली. सांगितलं होतं तसंच तिने केलं. तासातासाला तिसऱ्या दारी जायची, पाणी द्यायची, उशी सारखी करायची आणि परत यायची. डॉक्टरांनी हिवाळा निघेल असं सांगितलं नव्हतं. हिवाळा निघाला, उन्हाळा निघाला. माझा बायकांचा वर्ग पुढे बंद झाला, पण मी अधूनमधून तिच्याकडे डोकावायची. बालवाडीची बाई खडूचा हिशेब ठेवण्यात गुंतलेली असायची आणि शिकवायची खरी हीच. "घरात शिरायचं नाय, दारात थांबायचं," ती पोरांना सांगायची, आणि पोरं दारात थांबायची. पुढल्या जूनमध्ये त्या वस्तीतली सात-आठ मुलं माझ्या पहिलीत आली. मी फळ्यावर ब काढला आणि विचारलं हा कोणाचा आवाज. सात-आठ बोटांनी एकदम जमिनीवर टक् केलं. माझ्या वर्गातल्या इतर मुलांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. वस्तीतल्या त्या मुलांच्या तोंडून ब काढायला मला श्रावणापर्यंत वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर मी फार नेट लावला नाही.

त्याच वर्षी नवरात्र संपल्यावर तिचा नवरा गेला. मला शाळेत त्या मुलांकडूनच कळलं. मी चौथ्या दिवशी भेटायला गेले. जायला नको वाटत होतं. वाटत होतं की ती परीक्षेच्या दिवसाबद्दल विचारेल, मधल्या जागेबद्दल, आणि मला पुन्हा तेच सांगावं लागेल. दीड वर्ष झालं होतं आणि त्या तीन आवाजांचा याच्याशी काही संबंध नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी वस्तीच्या तोंडाशी थोडा वेळ उभी राहिले.

तिने माझ्यासाठी पाट मांडला. तिच्या पोरीने पाणी आणलं. ती रडली नाही. कसं झालं ते तिने सांगितलं, मला विचारावं लागलं नाही.

"सकाळचं दहा वाजलं होतं," ती म्हणाली. "पोरांना खाऊ दिला अन् दूध घेऊन आले. भिंतीकडं तोंड करून निजले होते. मी 'अवो' म्हनलं. वळले नाय. वाटलं झोप लागली असंल, चांगलंच हाय. पन दूध गार व्हायला लागलं. परत 'अवो' म्हनलं, जोरानं. हात लावायचा धीर होईना, बाई. मंग मी नावानं हाक मारली."

बाहेर ट्रक मागे घेत होते.

"सुटं सुटं नाय," ती म्हणाली. "जोडून. दोनदा मारली."

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं, वर्गात उत्तर बरोबर आहे का बघायची तसं.

"मी हाक मारली तवा ते होते का, बाई? का गेले होते?"

मी तिथे नव्हते. मला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"गेले होते," मी म्हटलं.